भरमूआप्पाची साक्ष

…तर टोपी मांडीवर होती, इथवर काल सांगून झालं होतं. डोक्यावर नव्हती, मांडीवर होती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं लचांड त्या टोपीनंच उभं केलं.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी दोन पावलं मागं जातो. ही गोष्ट भरमूआप्पाची. निपाणीपासून आठ किलोमीटरवर आमचं गाव, आणि गावच्या गुऱ्हाळावर भरमूआप्पा गुळव्या. वय एकाहत्तर. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पण शाळेत माझ्याच बाकावर, कारण चौथीचा वर्ग त्याला इतका आवडला की तो तीन वर्षं तिथनं हललाच नाही. गुरुजी म्हणायचे, "भरमू, तुझ्या डोक्यात काही शिरत नाही, पण तुझा कान मात्र तल्लख." ते खरं निघालं. गुळव्याचं अर्धं काम डोळ्यांचं आणि अर्धं कानाचं असतं. काहिलीत रस उकळत असतो, तोवर नुसता खळखळाट. पाक जवळ आला की त्याचा आवाज जाड होतो, बुडबुडे फुटताना फट् फट् करायला लागतात. तो आवाज ऐकून आप्पा काहील उतरवायला सांगतो. पळभर आधी सांगितलं तर गूळ चिकट, पळभर उशिरा सांगितलं तर करपट. पंचेचाळीस हंगाम त्यानं हे केलं. एकही आदण बिघडलं नाही. आदण म्हणजे एका काहिलीचा घाणा, दिवसाकाठी अशी सात-आठ निघतात.

आणि ह्या माणसाला नाद अंबुबाई हुक्केरीकरांच्या गाण्याचा.

अंबुबाई आमच्याकडच्याच. मराठी गायच्या, कानडीही गायच्या, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही आपलंच वाटायचं. गुऱ्हाळावर धूर लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळलेला आप्पाचा रेडिओ खुंटीला टांगलेला असायचा. सांगली लागायची, धारवाड लागायचं. बाईंचं गाणं लागलं की आप्पाचा चेहरा उजळायचा. पण गंमत बघा. गाणं रंगात आलं, की नेमका पाक यायचा. मग आप्पा हात लांब करून रेडिओ बंद करायचा. बाईंचा सूर कानात असला तर काहिलीचा आवाज कळत नाही, असं त्याचं म्हणणं. मी एकदा चिडून म्हटलं, "अरे, एवढी दोन मिन्टं ऐक की!" तर म्हणाला, "गाणं उद्या लागंल. ह्यो पाक उद्या लागणार न्हाय." असं करत करत चाळीस वर्षांत त्यानं बाईंचं एकही गाणं शेवटापर्यंत ऐकलं नव्हतं. विश्वास बसत नाही ना? माझाही बसला नव्हता. त्यानंच मोजून सांगितलं, तेव्हा बसला.

हंगामाच्या पहिल्या आदणातली पहिली ढेप देवाला जाते, ही आमच्याकडची रीत. आप्पा दोन ढेपा काढायचा. एक देवाला, दुसरी हुक्केरीला अंबुबाईंच्या घरी. स्वतः कधी गेला नाही, कुणाच्या तरी हाती पाठवायचा. बाईंकडनं दरवर्षी उलट चिठ्ठी यायची. तिच्यात एकच ओळ: गूळ पोचला, गोड आहे.

गेल्या वर्षी बाईंनी शेवटचा दौरा जाहीर केला. वय एकोणऐंशी, डॉक्टरांनी गळ्याला जपायला सांगितलेलं. चारच गावं: खानापूर, बेळगावात कॅम्पमध्ये, मग चिकोडी, आणि शेवटी निपाणी. कार्यक्रम दुपारी चारचा, कारण रात्रीचं जागरण त्यांना झेपत नव्हतं. त्या वर्षीच्या चिठ्ठीत पहिल्यांदा दोन ओळी होत्या. गूळ पोचला, गोड आहे. निपाणीला या, पुढची खुर्ची तुमची.

आप्पानं ती चिठ्ठी गावभर दाखवली नाही. मला दाखवली, म्हणजे गावभर झालीच.

आणि कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी काय व्हावं? पाळीवरचा दुसरा गुळव्या तापानं आडवा झाला. ऊस तोडून पडलेला, वाळत चाललेला. आप्पा दोन दिवस एकटा चुलवाणापाशी उभा राहिला. मधे घटकाभर पोत्यावर पडायचा, की चुलव्या हाक मारायचा. निपाणीच्या लाल गाडीत आम्ही बसलो तेव्हा त्याच्या भुवया धुरानं पिवळ्या झाल्या होत्या आणि हाताच्या कातडीला पाकाचा वास. मी म्हटलं, "तोंड तरी धुवायचं हुतंस." म्हणाला, "धुतलंय रं. ह्ये धुतल्यावरचंच हाय."

मंडपात तो पहिल्या रांगेत, आम्ही सातव्या रांगेत. मी, जयाबाई, चुलवाणात जाळ घालणारा आमचा मष्णू, आणि रचना टीचर. जयाबाई म्हणजे गल्लीतली तंबाखूच्या वखारीतनं निवृत्त झालेली आक्का, जिच्या तोंडाला कुणी लागत नाही. रचना टीचर गावची सून, चिकोडीच्या शाळेत मराठी शिकवते. बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, मोबाईल आत ठेवा, मला तुमचे चेहरे बघायचेत. सगळ्यांनी ठेवले.

दोन तास बाई गायल्या. आम्हाला मागनं आप्पाची फक्त पाठ आणि मान दिसत होती. पहिल्या गाण्यालाच त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. मग मान हळूहळू हलायला लागली. पुढं पुढं ती इतकी खाली गेली, की जयाबाईनं डोळे पुसले. "बघा गं, कसा इरघळलाय माणूस!"

शेवटचं गाणं सुरू व्हायच्या वेळीच वीज गेली. माईक मेला. बाई थांबल्या नाहीत. उघड्या गळ्यानं गायल्या. आता एकोणऐंशी वर्षांचा गळा, तो सातव्या रांगेत कुठला पोचतोय? आम्हाला ओठ हलताना दिसले आणि मधेच बाईंनी हात पुढं करून हलवला, तेवढं दिसलं. बस्स. कार्यक्रम संपला.

परतीच्या गाडीत सगळे फुलून बोलत होते. आप्पा खिडकीशी गप्प. चिकोडी फाटा मागं गेल्यावर माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "गोपाळ, मी झोपलो रं."

"म्हंजे?"

"पैल्या गाण्यातच. समदं गाणं झोपलो." मग टोपी चाचपत, "बाईंनी बघितलं."

मी तोंड मिटलं. आयुष्यात जे थोड्या वेळा मिटलं, त्यातली ही एक वेळ. वर्षभर मिटलेलं होतं.

आणि वर्षभर गावात काय झालं असेल? त्या दोन तासांच्या आठवणी सांगून सांगून लोकांनी गुळगुळीत केल्या. कुणी म्हणालं बाईंनी हिरवं लुगडं नेसलं होतं, कुणी म्हणालं जांभळं. पण कितीही भांडले तरी सगळ्यांच्या आठवणीत एक गोष्ट ठाम: टोपी काढून मान खाली घातलेला भरमूआप्पा. शाळेच्या पोरांना टीचर सांगायची, ऐकावं तर आप्पांसारखं. कुणी असं बोललं की आप्पा फावडी उचलून काहिलीकडं वळायचा. लोकांना वाटायचं, किती नम्र!

यंदा बाईंना ऐंशी पुरी होणार. रचना टीचरनं एक वही करायचं ठरवलं, शेवटच्या कार्यक्रमाच्या सगळ्यांच्या आठवणींची, वाढदिवसाला बाईंच्या हातात द्यायची. काम सरळ होतं. फक्त शेवटच्या पानाशी अडलं. बाईंचं शेवटचं गाणं कुठलं?

टीचर म्हणाली, मराठीतलं नावाड्याचं गाणं. मष्णू म्हणाला, "इल्ला, न्हाय! कानडीतलं जात्यावरचं पद." झालं. दोन तट पडले. तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्याकडं कुठल्याही वादाला भाषेचं शेपूट फुटायला वेळ लागत नाही.

"मी हात बघितला ना बाईंचा," टीचर म्हणायची. "असा पुढं-मागं. वल्हं मारल्यासारखा."

"वल्हं न्हवं ते टीचर, जात्याचा खुंटा! असा गोल गेल्ता हात."

"तुझं डोळं गोल हैत मष्णू," जयाबाई म्हणाली, "म्हणून तुला समदं गोल दिसतंय."

हुक्केरीला फोन लावला. बाईंच्या सुनेनं सांगितलं, सासूबाईंना आता कालचंही नीट आठवत नाही, त्यांना विचारून त्रास देऊ नका. मग आमच्या गावचा एकच माणूस उरला. पहिल्या रांगेतला. आप्पा खोटं बोलणार नाही, त्याचा कान चुकणार नाही, तो सांगेल तेच लिहायचं, असं दोन्ही तटांनी कबूल केलं. मागच्या रविवारी सकाळी सगळे गुऱ्हाळावर गेले, कारण हंगामात आप्पा दुसरीकडं सापडतच नाही.

मी सगळ्यांच्या आधी पोचलो. आप्पा काहिलीवरची मळी काढत होता. एकाहत्तरचा माणूस, पण त्या दिवशी नव्वदचा दिसला. खांदे उतरलेले, डोळ्यांखाली राख.

"येणार हैत," मी म्हटलं.

"ठावं हाय."

"नावाड्याचं सांगून टाक. मष्णू दोन दिस फुगंल, मिटंल. न्हायतर जात्याचं सांग. कुणाला कळतंय?"

"वही बाईंकडं जाणार हाय न्हवं?"

"त्यास्नी आठवत न्हाय आता."

"म्हणूनच," आप्पा म्हणाला. "त्यास्नी आठवत न्हाय, म्हंजे वहीत जे हाय तेच त्यास्नी खरं. त्यात माझं नाव घालून खोटं कसं लिवू? आन् खरं लिवलं तर काय लिवायचं? पुढची खुर्ची दिली आन् म्हातारा घोरला?"

"घोरत न्हवतास. मागं ऐकू आलं न्हाय."

"मागं त्यांचं गाणं तरी कुठं ऐकू आलं तुला?"

तेवढ्यात मंडळी आलीच. टीचरनं वही उघडली. मष्णूची पाळी होती, तो चिपाडं चुलवाणात सारत एक कान इकडं लावून बसला. जयाबाईनं पोतं उलटं करून बैठक मारली, कोर्टात बसल्यासारखी.

"आप्पा," टीचर म्हणाली, "तुम्ही म्हणाल तेच लिहिणार. शेवटी बाई काय गायल्या?"

आप्पानं बोट वर केलं, थांबा म्हणून. काहिलीतला आवाज बदलला होता. सगळे गप्प झाले. फट्, फट्. त्यानं थेंबभर पाक पाण्यात सोडला, दोन बोटांत गोळी वळून बघितली, आणि म्हणाला, "अजून."

"आप्पा, एका शब्दात सांगा की," मष्णूनं जाळावरनं मान वर काढली. "जातं का नावाडी?"

"जाळ कमी कर तू."

"सांग रं बाबा," जयाबाई म्हणाली. "ह्यांच्या भांडणानं माझं कान किटलं. तू इतका डोलत हुतास, तुला ठावं न्हाय व्हय?"

मला वाटलं, आता हा कुठलं तरी एक नाव घेणार आणि मोकळा होणार. ओठ हललेही. पण तेवढ्यात त्याची मान काहिलीकडं वळली.

"उचला!"

सगळे उठले. काहील ओढली, पाक निववायच्या वाफ्यात ओतला. वाफेनं गुऱ्हाळघर भरलं, क्षणभर कुणाला कुणी दिसेना. वाफ विरली तेव्हा आप्पा ओट्यावर टेकलेला होता. हातातली फावडी खाली ठेवलेली. टोपी काढून त्यानं मांडीवर ठेवली होती, अगदी त्या दिवशीसारखी, आणि टीचरचं पेन वहीवर टेकलेलं होतं. गेल्या वर्षीसारखा दोन दिवसांचा नाही, पंचेचाळीस हंगामांचा दमलेला माणूस. पण आवाज सरळ होता. तो बोलला ते टीचरनं जसंच्या तसं लिहून घेतलं आहे, शेवटच्या पानावर तेच आहे, आणि मीही त्यात माझ्या पदरचं एक अक्षर घालत नाही:

"लिव पोरी. मला ठावं न्हाय. मी झोपलो हुतो. पैल्या गाण्यापासनं झोपलो हुतो. मधी एकदा जाग आली, तवा माईक बंद पडलेला आन् बाई गात गात माझ्याकडंच बघत हुत्या. मी घाबरून उठून बसाय लागलो, तर त्यांनी हात असा केला, तळवा खाली, नातवाला थोपटत्यात तसा. राहू दे, झोप, म्हणून. त्ये तुझं वल्हं बी न्हवं टीचर, आन् मष्ण्याचं जातं बी न्हवं. मग मी परत झोपलो. गाणं कंचं हुतं त्ये तुमी भांडून ठरवा. बाईंना माझं एवढंच लिव, की म्हणावं, गाणं पोचलं, गोड हुतं."