बाबांच्या खाटेचं बटण

इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या माणसाला एक वाईट खोड असते. घरात कुणी आजारी पडलं की डॉक्टरच्या आधी त्याला सोल्डरिंग गन आठवते.

बाबा तलासरीकडे एका पाड्यात एकटे राहायचे. तिथल्याच शाळेत मास्तरकी केली, निवृत्त झाले, आई गेली, तरी हलायला तयार नाहीत. मी इकडे डहाणूजवळ सरावलीत, नोकरी उंबरगावच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये. बाबांना एकदा अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा तसं वाटलं तर लगेच दवाखाना गाठा, उशीर झाला तर मग काही हातात राहत नाही. घरात मोबाइलला रेंज नाही, अंगणात चिंचेखाली उभं राहिलं तर एखादी कांडी. लँडलाइन मात्र ठणठणीत. "बाबा, माझ्याकडे चला ना," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "तुझ्या ब्लॉकमध्ये मी काय भिंती मोजत बसू?" मग भांडण, मग अबोला.

अशात लॅबच्या भंगारात मला तो बोर्ड सापडला. फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणाऱ्या जुन्या डायल-अप मोडेमचा इव्हॅल्युएशन बोर्ड, म्हणजे चिप बनवणारे नमुना म्हणून देतात तसला. आता डायल-अप वापरतो कोण? साहेब म्हणाले, "घेऊन जा, तेवढीच जागा रिकामी." माझी योजना सोपी होती. बाबांच्या खाटेला दारावरच्या बेलचं साधं बटण लावायचं. ते दाबलं की बोर्ड लँडलाइनवरून माझ्या मोबाइलचा नंबर फिरवेल. आकडे शोधायला नकोत, चष्मा नको.

घरच्या टेबलावर पहिले दोन दिवस बोर्ड हटूनच बसला. आपल्या लाइनची गुणगुण त्याला ओळखूच येईना, 'डायलटोन नाही' एवढंच पालुपद. फोनलाइन कुठल्या देशाची ते निवडायला त्याच्यात देशांची यादी होती आणि तिच्यात भारत नव्हता. झालं कल्याण! एकेक देश लावत गेले. एका देशावर आणलं आणि कार्ट्याने मुकाट नंबर फिरवला. मी स्वयंपाकघरात जाऊन उभ्या-उभ्या दोन लाडू खाल्ले. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत त्या देशाच्या बाकीच्या नियमांचं पान पुढे होतं, ते वाचलं नाही. चाललंय ना, मग कशाला!

रोजच्या चाचणीची पद्धत आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली, मिस्ड कॉल. घरी पोचलो, गाडी मिळाली, सगळं आपण असंच फुकटात कळवत आलो. पाड्यावर जाऊन बोर्ड बसवला आणि बाबांना सांगितलं, रोज सकाळी आठला बटण दाबा. मी उचलणार नाही, उचलला तरी कानात मोडेमची नुसती किंचाळीच येईल. रिंग आली म्हणजे तुम्ही ठीक आणि बोर्डही ठीक. एरवी कधी रिंग आली तर मी असेन तशी निघेन. बाबांना हे भलतंच आवडलं. आठच्या ठोक्याला रिंग, कधी दोन मिनिटं आधीच. "मास्तरांनी हजेरी लावली," असं मी म्हणायचे आणि चहाचा कप उचलायचे.

एकच अडचण होती. तिकडे रोज कधी ना कधी वीज जायची, आणि वीज गेली की बोर्ड बंद. म्हणून एका रविवारी जाऊन मी त्याला बॅटरी जोडून दिली. आता काही झालं तरी तो बंद पडणार नव्हता. बाबांनी बॅटरीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हुशार आहेस हो." उभ्या जन्मात त्यांनी मला हे पहिल्यांदा म्हटलं.

त्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी सकाळी आठला रिंग आली. संध्याकाळी सहाला शेजारणीचा फोन आला, चिंचेखालून. "ताई, मास्तर पडलेत. तोंड वाकडं झालंय, लवकर या."

वापीला नेलं. कधीपासून असे आहेत, डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, आत्ताच झालं असेल, नाहीतर त्यांनी बटण दाबलं असतं. खरं सांगते, मला त्यांचा राग आला होता. एवढं करून दिलं आणि दाबलं नाही! डॉक्टर म्हणाले, "आत्ताचं नाही हे. बरेच तास गेलेत." बाबांची उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं.

चार दिवसांनी त्यांचे कपडे आणायला पाड्यावर गेले, तेव्हा बोर्ड लॅपटॉपला जोडला. बटण कधी दाबलं त्याची नोंद राहील अशी सोय मीच केली होती. दुपारी एक चाळीस, बटण दाबलं, नंबर नाकारला. एक एकेचाळीस, नाकारला. असं सतरा वेळा. शेवटचं चार वाजून पाच मिनिटांनी.

मग ते पान वाचलं. त्या देशात नियम असा की दहादा लावूनही समोरच्याने उचललं नाही, तर मोडेमने तो नंबर पुन्हा लावायचा नाही, लोकांना उगाच त्रास नको म्हणून. बोर्ड एकदा बंद होऊन चालू झाला की मोजणी नव्याने सुरू. माझ्या टेबलावर मी तो दिवसभर बंद-चालू करत होते, तिकडे वीज जात होती, म्हणून कधी कळलंच नाही. मग मी बॅटरी लावली. बुधवारची सकाळची रिंग दहावी होती. दहाही मी उचलल्या नव्हत्या. मी तिथेच जमिनीवर बसून ओरडून रडले, शेजारीण धावत आली.

आता बाबा सरावलीत माझ्याकडेच असतात. ब्लॉकमध्ये. थोडे शब्द परत आलेत. त्यांना वाटतं चूक त्यांचीच झाली, हात लुळा पडत होता, बटण नीट दाबलं गेलं नाही. "मीच... नीट... नाही," असं म्हणतात आणि डावा अंगठा खाटेच्या कडेवर जोर लावून दाबून दाखवतात, असं दाबायला हवं होतं म्हणून. मी त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. मी म्हणते, "असू द्या बाबा, होतं असं," आणि त्यांचा अंगठा तिथून सोडवून घेते.