चेअरमन आत्या आमच्याकडे राहिली ते वर्ष

आमची आत्या त्या दुष्काळी वर्षी माघात आठ दिवसांसाठी बीडला आमच्याकडे आली आणि दिवाळीनंतर परत गेली. चौसाळ्याजवळच्या एका गावातल्या महिला दूध संस्थेची ती चेअरमन होती. गावात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. तिचा नवरा, म्हणजे आमचे मामा, तेही जेवायची वेळ झाली की ओसरीवरून, "चेअरमन, भूक लागली," एवढंच कळवत. ती बीडला राहिली त्या काळात मामा भाकरी थापायला शिकले. भाकरी गोल होत नाही, असा निरोप त्यांनी दोनदा पाठवला. न फिरवता थापली तर होणार न्हाई, असं उत्तर गेलं.

येण्याचं कारण आमच्या जुळ्या मुली. माझी बायको सुनीता बाळंतपणाला धारूरला माहेरी गेली होती, ती तीन महिन्यांच्या मुली घेऊन परतली होती. मुली इतक्या सारख्या की बारशात ठेवलेली नावं कुणी वापरत नव्हतं. थोरली आणि धाकटी, आणि तेही अंदाजानं. मी वर्तमानपत्रात कामाला होतो, दुपारी जायचो तो उशिरा परत यायचो. टँकर दिवसाआड यायचा. मुलींच्या आंघोळीचं पाणी दुपट्यांना, दुपट्यांचं फरशीला आणि फरशीचं दारातल्या लिंबाला, हा क्रम आत्यानं पहिल्याच दिवशी लावून दिला आणि मग चहा घेतला.

"आधी फॅट, मग रेट," हे तिचं कायमचं वाक्य होतं. संस्थेत दुधाची फॅट तपासल्याशिवाय भाव लावत नाहीत. घरातही तपासल्याशिवाय मत दिलेलं तिला चालत नसे. शेजारच्या काकू एकदा, धाकटी जरा हडकलीच, असं म्हणाल्या. आत्यानं त्यांच्या मांडीवर आधी एक मुलगी ठेवली, मग ती उचलून दुसरी ठेवली, आणि यातली हडकलेली कोणती ते विचारलं. काकूंनी बराच विचार करून थोरलीकडे बोट दाखवलं. "मग रेट कावून लावता?" आत्या म्हणाली. काकू त्यानंतर मुलींबद्दल फक्त चांगलं बोलत, तेही दोघींबद्दल एकदम.

आत्या घरच्या कामाचे ठरावही करायची. बाटल्या उकळण्याचं काम माझ्याकडे असल्याचं मला एका सकाळी कळलं. मी कुरकुर केली तेव्हा ती म्हणाली, "ठराव मंजूर झालाय. सूचक तुझी बायकू, अनुमोदक मी. आता बोलून काय उपेग?"

पण एकसारखेपणाची अडचण ठरावानं सुटत नव्हती. एकीला दोनदा पाजलं जायचं आणि दुसरीचं राहून जायचं. पायात काळा दोरा बांधून पाहिला. आंघोळीत तो सुटायचा आणि पुन्हा बांधताना कोणाच्या पायात होता यावर वाद व्हायचा. शेवटी आत्यानं संस्थेची पद्धत आणली. तिथं दूध ओतून झालं की कॅन पालथं ठेवतात, म्हणजे ते पुन्हा मापात येत नाही. मुली पालथ्या ठेवता येत नव्हत्या, म्हणून दिशा ठरली. भुकेली असेल तिचं डोकं भिंतीकडे, पाजून झाली तिचं दाराकडे. कोणती कोणती आहे हे कळायची गरजच उरली नाही. चैत्रापर्यंत ही पद्धत बिनतक्रार चालली.

चैत्रात सुनीताची आई धारूरहून आली. माहेरचं किराणा दुकान, घर धार्मिक. दुपारी सुनीता एकीला पाजून, तिचं डोकं दाराकडे करून झोपली. आत्या टँकरच्या रांगेत होती. सासूबाईंनी खोलीत पाहिलं तर नात उत्तरेकडे डोकं करून निजलेली. आमचं दार उत्तरेला होतं. जिवंत माणसाला असं निजवत नाहीत. त्यांनी हळूच तिला उचलून फिरवलं. फिरवलीच आहे तर दोघींच्या जागाही नीट कराव्यात, म्हणून दुसरीला दाराजवळच्या पंख्याखाली घेतलं. तिथं जागा कमी होती, तेव्हा तिचं डोकं दाराकडे झालं, पण जरा तिरकं, म्हणजे उत्तर नव्हे.

आत्या घागर घेऊन आली, भिंतीकडे डोकं असलेली उचलली आणि तिला बाटली दिली. त्या मुलीनं थोड्या वेळानं सगळं बाहेर काढलं. दुसरी दाराशी रडत राहिली आणि, पोट भरलंय, गॅस असंल, म्हणून आत्या आणि सुनीता आळीपाळीनं तिची पाठ थोपटत राहिल्या. तिन्हीसांजेला सासूबाईंनी सहज उत्तरेचा विषय काढला, तेव्हा उलगडा झाला.

त्याच रात्री, मी कामावरून आल्यावर, सासूबाईंनी मनातलं सांगितलं. एक मुलगी त्या धारूरला नेतील, पाऊसपाणी होईपर्यंत. त्यांच्या विहिरीला अजून पाणी होतं, घरात दोन सुना होत्या. इथं एक बाई, दोन लेकरं आणि टँकर. बोलणं वावगं नव्हतं. सुनीता दुपट्यांच्या घड्या घालत होती. एकच दुपटं तिनं घडी घालून, उलगडून, पुन्हा घडी घातलं.

आत्यानं आधी दुपारची चूक स्वतःकडे घेतली. पाहुण्यांना नियम सांगायचा राहिला, असं म्हणाली. मग तिनं विचारलं, "कोणती न्यायची?"

"कोणतीबी," सासूबाई म्हणाल्या. "दोघी सारख्याच तर हायत."

"ठरावाला नाव लागतं, इहीनबाई. नाव सांगा."

सासूबाईंनी सुनीताकडे पाहिलं. सुनीता म्हणाली, "आई, मला न्हाई सांगता येणार."

"नाव नका सांगू," सासूबाईंचा आवाज चढला नाही. "पण दुसरीला मांडी कुणाची, ते तर सांगा. चेअरमनबाईंची संस्था हाय तिकडं. आज न्हाई उद्या जाणारच त्या."

आत्या म्हणाली, "न्हाई जात."

सासूबाई दुसऱ्या दिवशी एकट्या धारूरला गेल्या. जाताना पलंगाची दिशा बदलायला सांगून गेल्या. ती बदलली.

उन्हाळ्यात संस्थेचे सचिव मोटारसायकलवर आले. आत्या दोन बैठकांना नव्हती. तिसरीलाही आली नाही तर नियमानं पद जाईल, हे सांगायला. आत्यानं त्यांच्या हातात थोरली किंवा धाकटी दिली आणि बैठकीत विषय काय आहे ते विचारलं. जनावरं छावणीत गेल्यामुळे दूध कमी झालं होतं, त्याची चर्चा होती. "दूध न्हाई तर चर्चा कशाची करता?" आत्या म्हणाली. तेवढ्यात मुलीनं सचिवांचा शर्ट ओला केला. टँकरचा वार नव्हता. ते तसेच गावी गेले.

आत्या बैठकीला गेली नाही. उपाध्यक्ष बाई चेअरमन झाल्या. नवी बाई कशी आहे, असं मी विचारलं. "चांगली हाय," ती म्हणाली, "लई बोलती."

दिवाळीत मुलींचा पहिला वाढदिवस झाला. तोवर दोघी भिंत धरून चालत होत्या. भाऊबीजेनंतर आत्या सकाळच्या एसटीनं गेली. मामा फाट्यावर घ्यायला आले होते आणि त्यांनी भाकरी करून आणली होती, असं तिनं नंतर कळवलं. आकाराबद्दल काही कळवलं नाही. गावात तिला पुढंही चेअरमनच म्हणत. पद तिला परत मिळालं नाही.

मुली कॉलेजात असताना आत्या वारली. दोघी माझ्याबरोबर गावी आल्या होत्या. संस्थेच्या कार्यालयात आजवरच्या चेअरमनांची नावं भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिली आहेत. आत्याच्या नावापुढे कंसात मजकूर आहे : 'गैरहजेरीमुळे पद रिक्त.'