समोरच्या भाऊंचं लोहचुंबक

लोखंडाच्या मनात काय चाललंय हे नेमकं कळणारा अख्ख्या जळगावात एकच माणूस आहे, आणि पोरांनो, तो आमच्या समोरच्या घरात राहतो. भौतिकशास्त्राचे हे निवृत्त प्राध्यापक तुमच्या आजोबांचे मित्र. मी त्यांना भाऊ म्हणते, ते मला अक्का. भाऊंच्या खिशात एक वेळ रुमाल नसेल, पण लोहचुंबक असतंच. भाजीवालीच्या तराजूला, नव्या जावयाच्या घड्याळाला, आमच्या तव्याला, दिसेल त्याला ते लावून बघतात. स्टीलच्या ताटाला चिकटलं नाही की उलट खूश! "यातही लोखंडच, अक्का. मग हे का रुसलं?"

गेल्या हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, तिथेच भाऊंनी एक चुंबक निखाऱ्यात घातलं. थंड झाल्यावर त्याला साधा खिळा चिकटेना.

"शक्ती गेली कुठे?" मी विचारलं.

"आतल्या इलेक्ट्रॉनांची तोंडं फिरली." प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे इवलंसं चुंबक, सगळ्यांची तोंडं एकीकडे असली तरच लोखंड ओढलं जातं.

"पण एकीकडे करतं कोण?"

"कोणी नाही! एकाच दिशेला तोंड असलेले दोघे एका जागी बसूच शकत नाहीत. म्हणून अंतर राखतात. अंतर राखलं की भांडण कमी, म्हणून लोखंडात तीच बैठक टिकते."

"आम्हा जावांसारखं," मी म्हटलं.

"तेच!" ते एवढ्या जोरात ओरडले की हातातलं वांगं निखाऱ्यात पडलं.

उन्हाळ्यात भाऊंना पेसमेकर बसवला. त्याच्याजवळ चुंबक चालत नाही. "आते बठ्ठं बंद! छातीमा मशीन शे," म्हणत त्यांच्या बायकोने, आमच्या धुळ्याकडच्या वहिनींनी, चुंबकांचा डबा माझ्याकडे आणून ठेवला. भाऊ आठवडाभर घराबाहेर आले नाहीत. जेवणही निम्म्यावर आलं, असं वहिनी सांगत होत्या.

शेवटी मीच डबा घेऊन आमच्या ओट्यावर बसले. कागदावर लोखंडाचा कीस पसरला आणि हाक मारली. भाऊ आले, पण रस्त्यापलीकडे, त्यांच्या फाटकापाशीच थांबले.

"चुंबक कागदाखाली धरा, अक्का. हळू. आता टिचकी मारा."

तेवढ्या लांबून त्यांना काही दिसत नव्हतं.

"ओळी उमटल्या?"

"उमटल्या."

"कशा आहेत? सांगा ना."

जन्मभर दुसऱ्यांना दाखवत आलेला तो माणूस फाटक धरून, डोळे मिटून ऐकत राहिला. मी एकही ओळ सोडली नाही.