अक्का धरून किती?

सईअक्कांना एक खोली हवी होती. मोठी नको, सजवलेली नको. आत गेलं की दार लोटता येईल, एवढीच. हे त्यांनी छत्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कधी? तोंड उघडलं की समोरचा म्हणायचा, "अक्का, कॉफी?"

एकोणिसाव्या वर्षी कुंभकोणमला नवरा गेला आणि त्या माहेरी आल्या. पुढे धाकटा भाऊ राघोत्तम रेल्वेत लागला, तेव्हा त्याच्यामागून मद्रासला. तिरुवल्लिकेणीच्या भाड्याच्या घरात त्यांनी त्याचा संसार रांधला, त्याची दोन मुलं वाढवली. दिवसा त्यांची वळकटी तांदळाच्या डब्यामागे उभी असायची. रात्री जिथे कुणी नसेल तिथे ती उलगडायची. ज्याचा पाय लागेल तो "सॉरी अक्का" म्हणून ओलांडून जायचा.

एकोणसाठ साली राघोत्तमरावांनी मद्रासबाहेर नंगनल्लूरला जागा घेतली. परंगीमलै स्टेशनात गाडीतून उतरायचं आणि बांधाबांधानं चालत जायचं. ऑफिसातल्या कुणीतरी आर्किटेक्टचं नाव सुचवलं. बाळकृष्ण केळुसकर, मुंबईचा, वय तिशीच्या आत, आपली भाषा बोलणारा. राघोत्तमराव हरखले. प्रत्यक्षात ह्यांची पिढीजात तंजावरी मराठी आणि त्याची मुंबईची समोरासमोर बसली, तेव्हा दोघंही जरा घाबरले.

"कसंय राघोत्तमराव," केळुसकर हात पळीसारखा ढवळत म्हणायचा, "घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. घर म्हणजे हालचाल!"

"नोटेड, सर," राघोत्तमराव म्हणायचे. एग्मोरच्या ऑफिसात साहेबासमोर उभं राहावं तसे ते स्वतःच्या घरात उभे असायचे. "तुम्ही सांगट्लं ते करेक्ट. प्लीज प्रोसीड."

"आधी सांगा, घरात माणसं किती?"

अक्का आत कॉफी गाळत होत्या. गाळणं हातात तसंच राहिलं.

"मी, मिसेस कनका, दोन मुलं. चार, सर."

केळुसकरनं चार लिहिलं. अक्का कॉफी घेऊन बाहेर आल्या. आज बोलायचंच, असं ठरवून आल्या होत्या. केळुसकरनं पेला उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाला, "अहाहा! अशी कॉफी मुंबईत नाही हो मिळत." अक्का लाजल्या आणि रिकामं तबक घेऊन आत गेल्या.

महिन्यानं निळा नकाशा आला. कनकानं तो भिंतीला टाचला. येणारा जाणारा त्याच्यापुढे मान हलवून "सरी, सरी, रोंब नल्ला इरुक्कु", फार छान आहे, असं तमिळमध्ये म्हणून जायचा. समजत कुणालाच काही नव्हतं. दुपारी सगळे निजल्यावर अक्का त्यातल्या पांढऱ्या रेघांमधून बोट फिरवत बसायच्या आणि आपण कुठे सापडतो का ते पाहायच्या.

"कनका, ह्यात माझी पथारी कुठे गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"अय्यो अक्का, हॉल केवढा आहे की! कुठे पायजे तिथे पसरा!" कनका मनापासून म्हणाली. तिच्या मते ती अक्कांना अख्खा हॉल देत होती.

भूमिपूजनाला अक्का ताडाखाली लांब बसल्या. शुभकार्यात विधवेनं पुढे व्हायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. भटजी गेले आणि मेस्त्री नारायणस्वामी चुन्याची पाटी घेऊन पुढे झाला. त्यानं दोऱ्या ताणल्या आणि नकाशा जसाच्या तसा जमिनीवर पांढरा आखला. मेस्त्रीचा एकच कायदा होता आणि तो त्यानं सगळ्यांना ऐकवला, "कागद आर्किटेक्ट साराला, चुना मला. चुना पडला तिथे पहार. वेगळं काय पायजे ते आत्ता सांगा. मग रडायचं नाय." पन्नास घरं मराठी मंडळींची बांधून त्याचीही मराठी झाली होती.

राघोत्तमराव रेघांच्या आत गेले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे काय होलं, सर? हे तर तिकीटघर!"

"सगळे असंच म्हणतात," केळुसकर हसला. "उघड्यावर खोली लहान दिसते. भिंती चढल्या की मोठी होते."

"भिंत घातल्यावर मोठी? ऐकलंस, कनका? उद्या म्हणतील, माणसं घातल्यावर रिकामी होते!"

"बरं, मग राहूनच बघा," केळुसकरनं घड्याळ काढलं. "समजा, सकाळ झालीय. आपापलं काम करा. मी फक्त बघतो. भिंतीतून जायचं नाही हं!"

आणि भर उन्हात, नंगनल्लूरच्या मोकळ्या रानात, त्या घराची सकाळ झाली. राघोत्तमराव हॉलमध्ये मांडी घालून नसलेला पेपर वाचू लागले, पाय लांब केले आणि ओरडले, "सर! माझे पाय देवघरात गेले!" कनका नसलेल्या नळाखाली नसलेली घागर भरताना ताठ उभी राहून म्हणाली, "इथे वाकले तर डोकं शेजारणीच्या घरात." मेस्त्री पाटी टाकून हसत होता.

"अक्का, तुम्ही नाही आलात?" केळुसकरनं हाक मारली.

अक्का आल्या. त्यांना खोटं खोटं करता येत नव्हतं, त्यामुळे त्या खरंच करू लागल्या. जिथे विहीर होणार होती तिथून ओलेत्यानं निघाल्यासारख्या, हात अंगाशी धरून, सोवळं सांभाळत स्वयंपाकघराकडे चालल्या. हॉलच्या दाराशी येऊन थबकल्या.

"का थांबलात?"

"हा राघोत्तम बसलाय की रस्त्यात, बाबा. पेपर घेऊन. शिवेल मला. मग परत अंघोळ."

केळुसकरचे डोळे चमकले. त्यानं चप्पल घासून एक रेघ पुसली. "मागून दार! विहिरीकडून थेट आत! हे मला कुणी सांगितलं का नाही?"

"विचारलं कुणी?" अक्का म्हणाल्या आणि चुलीपाशी बसून कामाला लागल्या. डाळ चढली, पोरांना वाढलं, उष्टं काढलं, चूल सारवली. केळुसकर मागे मागे फिरत वहीत बाण काढत होता. असं गिऱ्हाईक त्याला कधी मिळालं नव्हतं.

"वा! आणि मग? सगळं आटोपलं की?"

"मग काय? आडवी होते."

"कुठे?"

अक्का उठल्या. हॉलकडे गेल्या. तिथे राघोत्तमराव होते, त्या वळल्या. बोळात आल्या. बोळातून कनका घागर घेऊन येत होती, तिला वाट दिली. एका खोलीच्या रेघेशी घुटमळल्या, दुसरीच्याही. कुठे जावं ते त्यांना खरंच कळेना. शेवटी त्या रेघ ओलांडून बाहेर आल्या आणि ताडाखाली उभ्या राहिल्या.

कनकानं नसलेली घागर खाली ठेवली.

"राघोत्तमराव," केळुसकर हळू म्हणाला, "तुम्ही मला चार सांगितलेत."

"चारच की! अक्का म्हणजे... अक्का काय वेगळी आहे, सर? ती आमच्यातलीच. स्वतःचा हात कोण मोजतो?" बोलता बोलता त्यांचा आवाज खाली गेला. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि तो पाठीमागे घेतला.

केळुसकरनं नकाशा उलगडला, मिटला, पुन्हा उलगडला. "म्हणजे करता येईल. स्वयंपाकघराला लागून... पण पंचायतीची मंजुरी ह्याच कागदावर आहे... बघू या. पुढच्या आठवड्यात विचार करून..."

पुढचा आठवडा म्हणजे काय, हे अक्कांना चांगलं ठाऊक होतं. आजवर त्यांच्या सगळ्या गोष्टी तिथेच जाऊन राहिल्या होत्या. त्यांनी मेस्त्रीकडे पाहिलं. पहारी खांद्यावर घेतलेली माणसं त्याच्या मागे तयार होती.

अक्का चालत आल्या आणि पाटीतला चुना मुठीत घेतला. नवरा गेल्यापासून त्यांनी कुणाच्या दारात रांगोळीचं बोट उमटवलं नव्हतं. पण हात विसरला नव्हता. स्वयंपाकघराच्या मागच्या रेघेपासून त्यांनी चिमटीतून धार सोडली. सरळ, बारीक, एकसारखी, मेस्त्रीच्या दोरीहून सरळ. कोपरा आला, वळल्या. पुन्हा वळल्या. मग मध्येच आडव्या झाल्या, उन्हात, सगळ्यांदेखत. पाय ताणून अंदाज घेतला, उठल्या आणि रेघ वीतभर पुढे सरकवली.

"अजून घ्या, अक्का," केळुसकर पेन्सिल कानामागे खोचून म्हणाला. "पेटी कुठे ठेवाल? खिडकी कुठे?"

"पेटी होय," अक्का म्हणाल्या आणि आणखी हातभर सरकल्या. शेवटच्या बाजूला दारापुरती जागा मोकळी सोडली.

"चुना पडला, सार," नारायणस्वामी म्हणाला. "आता मी काय करू?"

केळुसकरनं नकाशाची घडी खिशात घातली. "कागद माझा. तो मी बदलून आणतो. तुम्ही खणा."

राघोत्तमराव रेघेरेघेनं फिरत त्या मोकळ्या जागेपाशी आले. एक पाऊल टाकलं की आत होते. पण ते तिथेच थांबले, चपला काढल्या आणि लहानपणी विचारत असतील तसं विचारलं, "अक्का, आत येऊ?"

असं अक्कांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. काय उत्तर द्यायचं असतं, तेही ठाऊक नव्हतं.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. कारण काहीच नव्हतं.

राघोत्तमराव तापल्या मातीवर पाय उचलत, टेकवत, थांबले.