अंगणातली गाडी

नवरा गेल्यावर आमची गाडी कोथरूडच्या सोसायटीत धूळ खात उभी होती. लायसन माझ्याकडे होतं, पण ते काढल्यापासून मी गाडीला हात लावला नव्हता. खालच्या मजल्यावर काबूलहून आलेली एक बाई आणि तिची कॉलेजात शिकणारी मुलगी भाड्याने राहत. एका सकाळी त्या बाईने गाडीकडे बोट करून विचारलं, "दीदी, ही कुणाची?" तिचं हिंदी मालिका बघून शिकलेलं, माझं मंडईतलं.

"माझीच. पण मला चालवता येत नाही."

"मी शिकवते. तिकडे माझं तेच काम होतं."

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या शेजारी बसू लागली. मागून हॉर्न वाजले की माझी गाडी बंद पडे. "वाजवू दे," ती म्हणे. "हॉर्नने कुणी मरत नाही."

तिची हकीकत मला सिग्नलला थांबता थांबता कळली. गाडी तिला वडिलांनी शिकवली. मग लढाई शहरात शिरली, त्यात घर गेलं, वडीलही गेले. पुढे नवी राजवट आली आणि बायकांना एकटीने रस्त्यावर यायलाही बंदी झाली. ती राजवट गेल्यावर हिने पुन्हा गाडी काढली आणि इतर बायकांना शिकवायला लागली. लोक दगड मारत. एकदा काच फुटून हिच्या भुवईला लागली आणि गाडी चालवणारी विद्यार्थिनी रडायला लागली.

"मग?"

"मग काय? म्हटलं, थांबू नकोस, दुसरा गिअर टाक."

पण बायकांवर बंदी घालणारी तीच राजवट परतली तशी तिची शिकवणी बंद पडली. मुलीचं शिक्षण तुटू नये म्हणून दोघी पुण्याला आल्या.

त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा खडकवासल्यापर्यंत गाडी नेली. कणसं खात असताना तिच्या फोनवर काबूलच्या एका विद्यार्थिनीचा व्हिडिओ आला. उंच भिंतींचं अंगण, त्यात एक जुनी गाडी. थोडी पुढे जायची, थोडी मागे यायची, पुन्हा पुढे. मागच्या सीटवर दोन लहान मुली, फिरायला निघाल्यासारख्या नटूनथटून बसलेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"तिला गाडी बाहेर काढता येत नाही. दर शुक्रवारी अंगणात चालवते. पायांनी सवय विसरायला नको म्हणते."

माझ्या हातातलं कणीस गार झालं. तिने मात्र व्हिडिओ नीट पाहिला आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलून उत्तर पाठवलं.

"काय सांगितलंस?"

"क्लच फार लवकर सोडतेस, म्हटलं."

पुढे मायलेकी पुण्याहून दुसऱ्या देशात गेल्या. अजून कधीमधी ती मला त्या विद्यार्थिनीचे नवे व्हिडिओ पाठवते. अंगण तेच आहे. मुली उंच झाल्या आहेत.