आधी आई, मग पाळणा

माझ्या शेजारणीला मी ‘टबमावशी’ म्हणते, आणि आता सगळी इमारतच म्हणते. काखेत निळा टब, पिशवीत लॅव्हेंडरच्या तेलाची बाटली आणि मऊ टॉवेल, अशी तिची स्वारी बाळंतिणींच्या घरी निघते. कोपर बुडवून पाणी बघायचं, तेलाचे दोन थेंब मूठभर मिठात चोळून त्यात सोडायचे आणि त्या पोरीची सुजलेली पावलं हातात घेऊन बसायचं, हे तिचं काम.

तिची खोड एकच. पाळण्यावरून जाते, पण आत डोकावत नाही. कितीतरी आज्यांना मिरच्या झोंबल्यात. एकीनं तर विचारलंच, “आमचं बाळ काय बघण्यासारखं नाही का?”

“त्याला बघायला अख्खं गोत आलंय. हिला बघायला मी एकटी.”

तर यंदा तिचीच लेक बाळंत झाली. पहिली नात. मी गप्प बसते होय? “आता बघू तुझा नियम. नातीला न बघता पुढे गेलीस, तर महिनाभर जिना मी झाडीन.”

“झाडू आण विकत,” ती म्हणाली. टब काखेत मारून निघाली, आणि मीही तिच्या मागोमाग.

लेक दवाखान्यातून आल्यापासून मुकी झाली होती. जो येई तो थेट पाळण्याशी. काही विचारलं की “बरी आहे”, एवढंच. टबमावशीला त्याच्यानंच झोप नव्हती.

लेकीच्या सासरी दारातच विहीणबाई बाळ घेऊन उभ्या. “घ्या, अगदी तुमचं नाक आलंय.”

टबमावशी थबकली. मी तर मनात जिंकलेच.

“नाक कुठं पळून जातंय, विहीणबाई,” म्हणाली आणि लेकीपुढे जमिनीवर बसली. “पाय दे.”

पाण्यात पाय पडले. वास खोलीभर पसरला. टबमावशी एकेक बोट चोळत राहिली. मग लेक पुटपुटली, “पाणी गरम आहे.”

कोपरानं पारखलेलं पाणी ते. पण टबमावशीनं निमूट तांब्याभर गार ओतलं. “आणि?”

“टाके ओढतात. झोप नाही. आणि सगळे नुसते तिलाच…” पोरगी जी सुरू झाली, ती थांबेचना. विहीणबाई बाळाला थोपटत हळूच जवळ येऊन बसल्या.

पाय टिपून झाल्यावर लेकीनंच सासूकडे हात पुढे केले. “द्या हो आई, तिला इकडे.” बाळ घेऊन आपल्या आईपुढे धरलं. “आता बघ.”

सध्या जिना मी झाडते. येणाराजाणारा हसतो. मी कंबर ताठ करून विचारते, “टबमावशीकडे जायचंय ना? वरचं दार. शेजारीण आहे माझी.”