मॅनेजरसाहेबांची नवी लागवड

मधुकरराव चाफले क्लबाचे मॅनेजर झाले आणि क्लबाच्या बास्केटबॉल टीमचं भाग्य उजळलं, असं निदान मधुकरराव तरी म्हणत. त्याआधी ही टीम बिचारी नुसती जिंकतच होती. मधुकररावांनी पहिल्याच बैठकीत तिशी ओलांडलेल्या पाचही जणांना नारळ दिला आणि त्यांच्या जागी ताडमाड, कोवळी पोरं उभी केली. दहा वर्षं कप्तानी केलेल्या शालिकरामला नारळासोबत शालही मिळाली. एवढा मान त्याला जिंकून कधी मिळाला नव्हता.

"संत्र्याचं कलम लावलं का पाच वर्षं दम धरा लागते," मधुकरराव कमिटीला समजावत. पारशिवनीला त्यांचा संत्र्याचा बगीचा होता, तेव्हा त्यांच्या शब्दावर कोण शंका घेणार? पोरं हरत गेली, कमिटी माना डोलावत गेली.

तिसऱ्या वर्षी पहिल्याच सामन्यात पोरांची गाठ जरीपटका भागातल्या टीमशी पडली. काढलेले पाचही जण आता तिकडून खेळत होते. त्यांनी पोरांना धूळ चारली.

सामना संपल्यावर मधुकररावांनी शालिकरामची पाठ थोपटली. "पाहिलं ना गा? पोरं तयार होऊन राहिले."

"दिसून राहिलं," शालिकराम घाम पुसत म्हणाला. "पण साहेब, औंदा तुम्ही बगिच्यातही नवी कलमं लावली म्हणते. मग तिथली जुनी झाडं काहून नाही तोडली?"

मधुकररावांना त्याची कीव आली.

"येडा झाला काय गा? फळ देऊन राहिलेलं झाड कोणी तोडते काय?"